सूर्यमाळेची हद्द कुठे संपते?

पर्यावरणशास्त्राच्या पुस्तकात ‘परिसंस्था’ या धड्यात हमखास तळ्याची आकृती असते. शेवाळ, कीटक, मासा, बगळा, तळाशी जिवाणू, सगळे आपापल्या चौकटीत. तळे शिकवायला सोपे, कारण त्याचा काठ डोळ्यांना दिसतो. मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळ पठारावर ही सोय नाही. इथून काय बाहेर गेले आणि परत काय आले, याचा दीड शतकाचा मागोवा घेतला की परिस्थितिकीच्या बहुतेक मूलभूत संकल्पना एकेक करून समोर येतात. शिवाय तळ्याच्या आकृतीत न सापडणारा एक प्रश्नही पडतो: परिसंस्थेची हद्द आखायची कुठे?

अर्न्स्ट हेकेलने 1866 मध्ये परिस्थितिकी या शास्त्राला नाव दिले. त्या काळात ठाणे जिल्ह्यातले लाकूड आणि जळण मुंबईला जात होते. 1878 च्या वन कायद्याने जंगलांचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग पाडले आणि डोंगरातल्या वारली, ठाकूर, कोकणा, महादेव कोळी, कातकरी कुटुंबांच्या वहिवाटीवर बंधने आली. सर्वांत मोठा तंटा झाला राबावरून. ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला.

राब म्हणजे काय, हे नीट पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटायच्या. रोपवाटिकेच्या जागेवर शेण, फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर देऊन तो ढीग सावकाश जाळायचा. पाऊस आला की त्या राखेत नागली किंवा भात पेरायचा आणि रोपे तयार झाली की लावणी. आगीच्या धगीने तणांचे बी मरते, राखेतून पालाश, स्फुरद आणि चुना मिळतो. नत्राचा बराच भाग मात्र धुराबरोबर हवेत जातो. पोषणद्रव्यांचे चक्र माणसाच्या हाताने कसे फिरते, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच मिळेल. मोठ्या जागेवरच्या झाडांनी वर्षभर गोळा केलेले द्रव्य इथे चार हात जमिनीवर आणून ओतले जाते. झाडे बुंध्यातून न तोडता फांद्याच घेतल्या आणि त्यांना पुन्हा पालवायला वेळ दिला, तर हे चालत राहते. झाडे कमी आणि राब जास्त झाले की चालत नाही.

वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या, जमिनीचेही तसेच. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी आणि मग जमीन टाकून द्यायची. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्सने 1916 मध्ये अनुक्रमणाचा सिद्धांत मांडला: उघड्या जमिनीवर आधी गवत, मग झुडपे, मग झाडे, अशी वनस्पतींची पिढी बदलत जाते. टाकलेल्या वरकसावर नेमके हेच घडते. गवत, मग करवंदाच्या जाळ्या, मग जुन्या खुंटांना फुटलेले साग, ऐन, बोंडारा. वन खात्याला ती पडीक जमीन वाटे. कसणाऱ्याच्या लेखी ती विश्रांती घेणारी जमीन होती. पुढे तोंडे वाढली, कसायची जमीन आखडली, तसा विश्रांतीचा काळही आखडला. अनुक्रमण झुडपांपर्यंत पोचते न पोचते तोच पुन्हा नांगर. धारणक्षमता, म्हणजे जमीन किती जणांना पोसू शकते, ही केवळ जागेची गोष्ट नसून वेळेचीही आहे, हे इथे समजते.

1935 मध्ये आर्थर टान्सलीने परिसंस्थेची कल्पना मांडली आणि तिची सीमा अभ्यासकाने सोयीसाठी आखलेली असते, असेही बजावले. 1942 मध्ये रेमंड लिंडेमनचा मिनेसोटातल्या एका छोट्या तळ्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून वरच्या पायरीवर थोडेच जीव जगतात, हा पाया त्याचाच. लेख छापून येण्याआधीच तो वारला, तेव्हा तो 26 वर्षांचा होता.

इकडे 1947 पासून मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या आणि कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे, तोडण्याचे काम ठेकेदारांऐवजी त्यांच्याकडे येऊ लागले. 1948 मध्ये जव्हार संस्थान ठाणे जिल्ह्यात विलीन झाले. मजुराच्या पदरात थोडे अधिक पडू लागले, पण लाकडाची दिशा तीच राहिली. खोडाबरोबर पोषणद्रव्ये तुलनेने कमी जातात; खरी गळती तोडीनंतर सुरू होते. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुक जंगलात बोरमन आणि लायकन्स यांनी 1965 च्या हिवाळ्यात एका ओढ्याचे सगळे पाणलोट तोडून पाहिले, तेव्हा ओढ्याच्या पाण्यातले नायट्रेट कितीतरी पटींनी वाढले. घ्यायला मुळेच नसल्याने जमिनीतले धन पाण्याबरोबर चालले होते. सूर्यमाळेच्या उतारांवर तर चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो.

या पावसाचे काय होते? खाली कठीण काळा पाषाण. त्यात पाणी साठायला भेगांपलीकडे जागा नाही. पाणी वैतरणा आणि पिंजाळच्या दऱ्यांत धावते. मुंबईसाठी 1892 मध्ये तानसा, 1957 मध्ये मोडकसागर, 1973 मध्ये अप्पर वैतरणा अशी धरणे झाली. 2014 मध्ये मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा उभे राहिले. त्यातून शहराला दिवसाला 45 कोटी 50 लाख लिटर पाणी मिळते. जव्हारमधल्या खिडसे इथे पिंजाळ धरणाचा प्रस्ताव आहेच. आणि मार्च उजाडला की याच तालुक्यांतल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्याकडे निघतात, टँकरची वाट पाहतात. पाण्यामागोमाग माणसेही जातात. दिवाळीनंतर वाडा-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे ‘जगायला’ उतरतात.

1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालके दगावली, तेव्हा महाराष्ट्राला कुपोषण हा शब्द नव्याने कळला. उपासमारीचा काळ म्हणजे ऐन पावसाळा: कणगीतली नागली संपलेली, नवी हाती यायची. याच दिवसांत पूर्वीपासून आधार देत आले ते जंगल. पहिल्या पावसाबरोबर शेवळाचे कोंब वर येतात. ते कच्चे खाल्ले तर घशाला भयंकर खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून भाजीत काकड झाडाची आंबट फळे घालतात. तीही त्याच सुमारास मिळतात. कोंब तोडला तरी कंद जमिनीत राहतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा फुटतो. जंगल विरळ झाले, काकड तुटला, तर नकाशावर हिरवा रंग राहील, ताटातली भाजी जाईल. अन्नजाळ्यातला दुवा तुटणे म्हणजे काय, हे यावरून कळावे.

तुटलेले दुवे अनपेक्षित जागी शाबूतही सापडतात. 1884 नंतर खात्रीशीर नोंदच न झाल्याने नामशेष समजला गेलेला वनपिंगळा 1997 मध्ये नंदुरबारच्या शहाद्याजवळ दिसला आणि 2014 मध्ये शेजारच्या तानसा अभयारण्यात. दिवसा शिकार करणारे हे घुबड विरळ, सागाच्या पानझडी जंगलात ढोलीत राहते. अधिवास म्हणजे त्याचा पत्ता आणि निश म्हणजे त्याचा धंदा. उंच, जुन्या खोडांच्या ढोल्या गेल्या, तर पत्ता राहूनही धंदा बसतो.

2006 च्या वन हक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मागण्याचा अधिकार दिला. राब किती आणि कुठे करायचा, तोड कधी थांबवायची, हे ठरवायची संधी 1878 नंतर प्रथमच कायद्याने गावाकडे आली. तिचा उपयोग सगळीकडे सारखा झालेला नाही.

अभ्याससहलीला इथे येणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून उत्पादक-भक्षक-विघटकांच्या तक्त्याशेजारी आणखी दोन रकाने आखावेत: बाहेर गेलेले आणि परत आलेले. पहिल्यात लाकूड, माती, पाणी आणि हंगामी मजुरी भरताना जागा पुरणार नाही. दुसऱ्यात टँकर, रेशन आणि थोडी रोपे. टान्सलीच्या म्हणण्याप्रमाणे हद्द आपणच आखायची असेल, तर ती पठाराच्या कड्यावर न थांबवता मुंबईच्या नळापर्यंत न्यायला हवी. तसे केले, तरच नळ सोडणाऱ्याकडे या डोंगराचे देणे निघते, हे हिशोबात दिसेल.