यंत्राच्या मुलखातील कारभारी

१९८२ साली डिस्नेने ‘ट्रॉन’ पडद्यावर आणला तेव्हा संगणकाने रेखाटलेली दृश्ये त्यात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची होती, आणि नटांच्या अंगावरील तेजोरेषा कृष्णधवल चित्रफितीच्या एकेका चौकटीमागून प्रकाश सोडून उजळलेल्या होत्या. २०१० च्या ‘ट्रॉन: लेगसी’ या उत्तरभागात, स्थापत्यशास्त्र शिकलेल्या जोसेफ कोसिन्स्की या दिग्दर्शकाने दिवे पोशाखातच बसविले.

कथेचे मर्म मात्र रोषणाईत नाही. संगणकाच्या उदरात नगरी वसविणारा केविन फ्लिन तिच्या बंदोबस्तासाठी क्लू नावाचा, हुबेहूब आपल्याच चेहऱ्याचा कारभारी नेमतो, निर्दोष व्यवस्था निर्माण करण्याचा हुकूम त्याला देतो, आणि तो हुकूम अक्षरशः बजावताना क्लू त्या नगरीत आपोआप उपजलेल्या जीवांचा संहार करून खुद्द धन्यालाच परागंदा करतो. वीस वर्षांनी बापाच्या शोधात तिथे उतरलेला सॅम हा नायक असला, तरी लक्षात राहतो तो हा इमानदार जुलमी.

जेफ ब्रिजेस यांनी बाप आणि कारभारी अशा दोन्ही भूमिका केल्या असून क्लूचा तरुण चेहरा संगणकाने घडविलेला आहे. ओठांभोवतीचा त्याचा ताठरपणा आज्ञावलीला शोभून जातो. आरंभीच्या १९८९ मधील प्रसंगात मात्र, लेकाला गोष्ट सांगणाऱ्या हाडामांसाच्या बापाला तोच चेहरा लाभल्याने, जिव्हाळा उणावतो. संगीताविषयी तक्रारीला जागा नाही: वाद्यवृंद आणि विद्युत्स्वर यांचा मेळ घालणारी ‘डॅफ्ट पंक’ ही फ्रेंच जोडी एका मद्यगृहाच्या प्रसंगात, शिरस्त्राणे चढवून, स्वतःही हजेरी लावून जाते.