आलेखावरून फलनाचा प्रांत व विस्तार : दारूच्या ज्वलनाचे एक उदाहरण

सूत्र दिले म्हणजे फलन दिले, अशी समजूत पदव्युत्तर वर्गातही आढळते. वस्तुतः प्रांतातील प्रत्येक घटकाशी एक व एकच मूल्य निगडित करणारा नियम म्हणजे फलन होय. प्रांत बदलला की सूत्र तेच राहूनही फलन बदलते आणि बहुधा त्याचा विस्तारही बदलतो. हा भेद सूत्रापेक्षा आलेखावर अधिक स्पष्ट दिसतो.

फलनाचा आलेख हा (क्ष, य) अशा बिंदूंचा संच असतो. त्याचा क्ष-अक्षावरील लंबप्रक्षेप म्हणजे प्रांत व य-अक्षावरील लंबप्रक्षेप म्हणजे विस्तार. उभी रेषा डावीकडून उजवीकडे सरकवीत नेली असता ज्या ज्या स्थानी ती आलेखास छेदते, ती स्थाने प्रांतात येतात. एकाही स्थानी तिने आलेखास दोनदा छेदले, तर तो फलनाचा आलेखच नव्हे. आडवी रेषा मात्र कितीही वेळा छेदू शकते. एकदा छेदली तरी ती उंची विस्तारात येते. पोकळ टिंबाची उंची विस्तारातून तत्काळ वगळणे युक्त नाही, कारण तीच उंची आलेखाने अन्यत्र गाठलेली असू शकते. सहप्रांत मात्र आलेखावरून कळत नाही. तो वेगळा सांगावा लागतो.

या विवेचनास भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर येथे एक समर्पक उदाहरण मिळते. तेथील आयुध निर्माणीत गोळ्यास गती देणारी दारू तयार होते. २०२१ पासून ही निर्माणी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीच्या अखत्यारीत आहे. अशा दारूच्या कांड्या पृष्ठभागाकडून आत जळत जातात. मूळ जाडीचा शिल्लक अंश च आणि जळून गेलेल्या दारूचा अंश ज मानला, तर अंतर्प्रक्षेपशास्त्रात पुढील सूत्र रूढ आहे :

ज = (१ − च)(१ + प·च)

येथे प हा कांडीच्या आकारावर अवलंबून असणारा प्राचल होय. लांब भरीव कांडीचा व्यास च पट उरला की तिचे घनफळ च² पट उरते; म्हणून ज = १ − च², अर्थात् प = १. नळी आतून व बाहेरून सारख्याच वेगाने जळते. तिच्या दोन त्रिज्यांची बेरीज कायम राहते व केवळ जाडी घटते; म्हणून ज = १ − च, अर्थात् प = ०.

आता ज = १ − च² याचा आलेख सर्व वास्तव संख्यांवर काढला, तर तो खाली उघडणारा अन्वस्त होतो व विस्तार (−∞, १] येतो. परंतु च = −१/२ या स्थानी ज = ३/४ मिळाले, तरी ऋण जाडीला अर्थ नाही. पदार्थाने ठरविलेला प्रांत [०, १] एवढाच आहे. त्यावरील आलेखाचा तुकडा (०, १) पासून (१, ०) पर्यंत सतत उतरतो. तो संतत असल्याने मधली एकही उंची सुटत नाही. म्हणून विस्तार [०, १] होय.

याउलट प = २ घ्यावे. तेव्हा ज = १ + च − २च² होते. शिरोबिंदू च = १/४ येथे, म्हणजे प्रांताच्या आतच येतो व तेथे ज = ९/८. केवळ टोकांच्या किमती पाहणाऱ्यास ० व १ याच दिसतील आणि तो विस्तार [०, १] असे लिहील. आलेख पाहणाऱ्यास मात्र वक्र १ च्या वर गेलेला दिसेल. दारू होती त्याहून अधिक जळाली, असा त्याचा अर्थ होतो; सबब संपूर्ण प्रांतावर हे सूत्र त्याज्य ठरते. प < −१ असल्यास च = १ च्या लगत डावीकडे ज ऋण होते, म्हणून तेही त्याज्य. −१ ≤ प ≤ १ असेल तेव्हा, आणि तेव्हाच, विस्तार [०, १] येतो.

तात्पर्य, प्रांत हा सूत्राने आपोआप दिलेला नसतो. तो विषयाच्या स्वरूपावरून निश्चित करावा लागतो. त्यानंतर आलेखावरून काढलेला विस्तार हा सूत्राच्या ग्राह्यतेची कसोटी ठरतो. ही कसोटी न लावता सूत्र वापरणे म्हणजे वक्राच्या ज्या भागास वस्तुस्थितीत आधार नाही, त्यावर विसंबणे होय.