किडनी कमजोर, दाढ दुखरी: भीती नेमकी कशाची?

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांवर जातो. अशा दिवसांत ऊर्जानगर-दुर्गापूर भागात कुणाची दाढ ठणकू लागली, की पहिली धाव मेडिकलच्या दुकानाकडे असते. किडनीचा त्रास असलेल्या माणसाला तर घरचेच बजावतात, "दाढ काढू नका, रक्त थांबणार नाही. गोळी घ्या." या सल्ल्यात मला सगळ्यात घातक वाटते ती गोळी.

गैरसमज: दुखण्याची साधी गोळी घेतली तर काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं रोखतात. दुखणं त्याने थांबतं, पण किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद ठेवण्याचं कामही हीच रसायनं करतात. उन्हात घाम गेलेला, पाणी कमी प्यालेलं, त्यात बीपीची औषधं चालू. अशा वेळी कमजोर किडनीचा उरलासुरला रक्तपुरवठाही आटतो. कॉम्बिफ्लाममध्येही आयब्युप्रोफेन असतंच. अशा रुग्णांना सहसा पॅरासिटामॉल देतात, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. अँटिबायोटिकचंही तसंच: अमॉक्सिसिलिनच्या दोन डोसांमधलं अंतर वाढवावं लागू शकतं, आणि जेंटामायसिनसारखी औषधं शक्यतो टाळतात.

गैरसमज: रक्त थांबतच नाही.

या भीतीला थोडा आधार आहे. किडनीचा आजार वाढला की रक्तात साचलेल्या विषारी द्रव्यांमुळे प्लेटलेट नीट चिकटत नाहीत. मोजणीत त्या पुरेशा दिसल्या तरी. म्हणून रक्त जरा जास्त वेळ वाहू शकतं. पण दंतवैद्याकडे टाके असतात, विरघळणारा जिलेटिन स्पंज असतो, दाबून धरायचा गॉजचा बोळा असतो. डायलिसिसवर असणाऱ्यांनी वार मात्र पाळावा. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात आणि त्याचा परिणाम काही तास टिकतो. सोमवारी डायलिसिस झालं असेल तर दाढ मंगळवारी काढावी. तोवर हेपारिन उतरलेलं असतं, रक्तही स्वच्छ असतं. डायलिसिससाठी फिस्टुला (जोडलेली रक्तवाहिनी) केलेल्या हातावर बीपी मोजू देऊ नका, सुईही टोचू देऊ नका.

गैरसमज: भुलीचं इंजेक्शन किडनीला बाधतं.

लिग्नोकेनचं विघटन मुख्यतः यकृतात होतं. नेहमीच्या मात्रेत ते चालतं. बीपी मात्र आधी मोजून घ्यावं.

गैरसमज: क्रिएटिनिन थोडंच वाढलंय, दातांच्या डॉक्टरला कशाला सांगायचं?

सडपातळ, वयस्क बाईचं क्रिएटिनिन 1.4 असलं तरी तिची किडनी निम्म्याहून कमी काम करत असू शकते. वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळणक्षमतेचा अंदाज, पाहावा लागतो. तो तीन महिन्यांहून अधिक काळ 60 च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार.

गैरसमज: दाढ काढल्यावर नारळपाणी, ज्यूस चांगला.

त्यात पोटॅशियम भरपूर असतं. पोटॅशियम वाढलेल्या किंवा डायलिसिसवरच्या रुग्णाच्या हृदयाचे ठोके त्याने बिघडू शकतात. गार केलेली मऊ खिचडी बरी, पाणी ठरलेल्या मापात. आणि आपल्या भागात हे सांगावंच लागतं: तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. त्याने जखम भरायला वेळ लागतो. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांचं तोंड इतकं आखडतं, की पुढे दाढेपर्यंत पोहोचणंही कठीण होतं.

किडलेली दाढ तशीच ठेवली तर पू जबड्यात पसरतो, आणि या रुग्णांची प्रतिकारशक्ती आधीच कमी असते. किडनी प्रत्यारोपणाआधी दात तपासून खराब दात काढून टाकायला सांगतात, ते याचसाठी. दातांच्या डॉक्टरकडे जाताना किडनीची फाईल आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि खुर्चीत बसण्याआधीच ती त्यांच्या हातात द्या.