पाळकाची मंडळी

दिवाळी पाडव्याला सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या लग्नाचे विधी सुरू होतात आणि मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांचा रथ निघतो. माणदेशाचा देवच संसारी आहे. एकनाथ, तुकाराम हे संतही बायकामुलांतले. त्यामुळे लग्न झालेला प्रॉटेस्टंट पाळक या मुलखाला परका वाटायचे कारण नाही. युरोपात मात्र ती मोठी उलथापालथ होती. १५२५ साली मार्टिन लूथरने मठ सोडून आलेल्या काटरिना फॉन बोरा या जोगिणीशी लग्न केले, आणि तेव्हापासून ल्यूथरन पाळकाचे घर साऱ्या गावाच्या नजरेत आले. मराठीत तर एकच शब्द दोन्हीकडे चालतो. ख्रिस्ती माणूस चर्चला 'मंडळी' म्हणतो आणि जुन्या पिढीतला नवरा बायकोला 'आमची मंडळी' म्हणे. खेड्यातल्या पाळकाची पारख या घरातल्या मंडळीपासूनच करावी, असे मला वाटते.

याचा सर्वात भक्कम पुरावा साताऱ्याशीही जोडलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ल्यूथरन नव्हते, ते अमेरिकन मराठी मिशनचे. पण विवाहित पाळकाची परंपरा तीच. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई मुलगा दत्तू याला घेऊन पंढरपुरात, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या, तरी सोवळे सुटायला वेळ लागला. पाण्याच्या घोटापासून स्वयंपाकापर्यंतचा एकेक अडसर त्यांनी स्वतःच्या विचाराने दूर केला आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली ती त्यानंतर, १९०४ साली. राहुरीसारख्या ठिकाणी त्यांचे काम उभे राहिले त्यामागे हे पुन्हा जुळलेले घर होते. तारा ही मानलेली लेक त्याच घरात वाढली; कवी बालकवींनाही तिथे आसरा मिळाला. उपदेश ऐकायला माणसे रविवारी येतात, दार मात्र रोज ठोठावतात, आणि ते उघडायला बहुधा पाळकाची बायकोच उठते.

यावर कोणी म्हणेल, टिळक कसले आदर्श गृहस्थ? रागीट, हातचे सारे वाटून टाकणारे, घराला न सांगता निघून जाणारे. आक्षेप खरा आहे, आणि तो 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात खुद्द लक्ष्मीबाईंनीच नोंदवून ठेवला आहे. पण म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची ठरते. नवऱ्याचे दोष लपवण्याची गरज न वाटता जी बाई त्याच्या श्रद्धेपर्यंत आपल्या पायांनी पोहोचते, तिच्याइतका कठोर परीक्षक कोणत्याही मिशनकडे नव्हता. पाळकाचे घर निर्दोष असावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. ते उघडे आणि खरे असावे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. मग शेवटी संसार अडचणच ठरला ना? तसे दिसत नाही. त्यांनी सोडला तो पगार. बायकोला सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या माणसाला वैराग्य आणि संसार एका घरात नांदवणे अशक्य वाटत नव्हते.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरेच राहिले होते. शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पूर्ण केले.