तोच संच, दर मंगळवारी

इम्प्रॉव्ह, म्हणजे उत्स्फूर्त नाटक, करणारं शिकागोचं आयओ थिएटर कायमचं बंद होत असल्याची बातमी जून २०२० मध्ये आली, त्याला पाच वर्षं होऊन गेली. मधल्या काळात नवे मालक आले आणि नोव्हेंबर २०२२ पासून किंग्सबरी स्ट्रीटवरच्या त्याच इमारतीत पुन्हा प्रयोग होऊ लागले. न्यूयॉर्कला यूसीबी या अशाच संस्थेनंही २०२४ मध्ये पुन्हा आपलं नाट्यगृह उघडलं. त्यामुळे जो भेटेल तो मला सांगतो, तुमचं इम्प्रॉव्ह परत आलं. मला दिसतं ते एवढंच, की इमारती परत आल्या. सात-आठ माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना धरून राहायची आणि संहितेशिवाय अर्ध्या तासाचं नाटक उभं करायची, ते परत आलेलं नाही. त्याची हळहळही फारशी कोणाला वाटत नाही, हे मला जास्त लागतं.

या कलेचा इतिहास सांगताना सगळे १९५५ पासून सुरुवात करतात. शिकागो विद्यापीठाजवळच्या बारमधले कंपास प्लेअर्स, डिसेंबर १९५९ मध्ये सुरू झालेलं सेकंड सिटी थिएटर, आणि मग तिथून टीव्हीवर आणि सिनेमात गेलेल्यांची नावं: जॉन बेलुशी, बिल मरे, टीना फे. मला ही यादी कंटाळवाणी वाटते. ती सोडून गेलेल्यांची यादी आहे. जे राहिले त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. त्या सगळ्या काळातली एकच गोष्ट मला मोलाची वाटते, ती म्हणजे दिग्दर्शक डेल क्लोज आणि बर्नी सालिन्स यांचा वाद. सालिन्स सेकंड सिटीच्या संस्थापकांपैकी. त्यांच्या मते उत्स्फूर्त अभिनय हे स्किट तयार करायचं साधन. त्यातून हाताला लागेल ते लिहून काढावं, घासावं आणि मगच लोकांपुढे आणावं. क्लोज म्हणत, लोकांपुढे आणायचं ते हेच. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘द कमिटी’ या संचाबरोबर त्यांनी हॅरॉल्ड नावाचा प्रकार घडवला आणि ऐंशीच्या दशकात आयओच्या शार्ना हाल्पर्न यांच्यासोबत शिकागोत तो रुजवला. १९९९ मध्ये क्लोज गेले. सालिन्स चुकले होते, असं मी आजही कोणालाही सांगेन.

हॅरॉल्ड म्हणजे टीव्हीवर दिसतात तसे दोन-दोन मिनिटांचे खेळ नव्हेत. प्रेक्षकांकडून एक शब्द घ्यायचा. त्यावरून सगळ्यांनी मिळून काहीतरी सुरू करायचं. त्यातून तीन प्रवेश निघतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले. मध्ये सगळ्यांचा मिळून एक खेळ. मग तेच प्रवेश पुन्हा, काळ पुढे सरकलेला. परत खेळ. आणि तिसऱ्या फेरीत हे धागे एकमेकांत गुंतू लागतात. कथानक कोणी ठरवलेलं नसतं. आधी जे बोललं गेलं ते सगळ्यांनी नीट ऐकलेलं आणि लक्षात ठेवलेलं असतं, बस, तेवढंच भांडवल.

मी शिकागोत आले २००३ मध्ये. पुण्यात कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकासाठी एकांकिका केल्या होत्या. तिथे एकेका वाक्यावर, एकेका पावलावर रात्र-रात्र तालीम चाले. इथे संहिताच नाही, तरी दर आठवड्याला तालीम. ती कशाची, हे कळायला मला बराच काळ लागला. ती एकमेकांच्या सवयीची तालीम होती. घाबरल्यावर कोण गप्प होतो, कोण मोठ्यानं बोलतो, कोणाचा प्रवेश कधी तोडायचा आणि कोणाचा थोडा तगू द्यायचा, हे अंगात भिनवायची.

तेव्हा आयओ क्लार्क स्ट्रीटवर होतं, रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानाच्या जवळ. बुधवारी रात्री उशिरा तिथे टी. जे. जगोडोव्स्की आणि डेव्हिड पास्क्वेसी यांचा प्रयोग असे. हे दोघं प्रेक्षकांकडून शब्दसुद्धा घेत नसत. उभे राहायचे, एकमेकांकडे बघायचे आणि जवळजवळ तासभर एकच गोष्ट चालायची. हशासाठी धडपड नाही. पहिली काही मिनिटं तर कोणी हसायचंही नाही. अभिनयाबद्दल मी जे काही शिकले त्यातलं निम्मं त्या बाकांवर शिकले.

आमचा संच एका बारच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी प्रयोग करायचा. त्यात एक नर्स, एक शाळामास्तर, एक बसचालक, बाकी अशीच पोटापाण्याची कामं करणारी माणसं. मी एकटी भारतीय. पैसे नसत. त्या काळी बहुतेक ठिकाणी तसंच होतं. थिएटरं चालत ती वर्गांच्या फीवर आणि बारच्या गल्ल्यावर. यावर आम्ही तेव्हाच मोठ्यानं बोलायला हवं होतं असं आज सगळे म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

एका प्रयोगात शब्द मिळाला, ‘किल्ली’. मी पुढे आले तर मास्तर म्हणाला, सिगारेटचं पाकीट दे, पैसे खात्यावर मांड. म्हणजे मी कोपऱ्यावरची दुकानदारीण. प्रेक्षक आधीच हसले, आता ही आपला उच्चार काढणार म्हणून. समोरच्यानं दिलेलं नाकारायचं नाही हा या कलेचा पहिला नियम. दुकान मी नाकारलं नाही. पण दुकानदारीण कसली, ते माझ्या हातात होतं. मी गल्ल्याखालून एक किल्ली काढली आणि म्हटलं, तुझी बायको घराची किल्ली ठेवून गेलीये, शुद्धीत असलास तरच द्यायची असं सांगून. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात किल्ली शेजारी ठेवूनच लोक बाहेर पडत, तेच तिथे आलं. दुसऱ्या फेरीत अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या त्या दुकानात होत्या आणि कोणाचं काय चाललंय हे मला एकटीला ठाऊक. दुसऱ्या टोकाला एका पाणबुडीचा प्रवेश चालू होता, तिच्या दाराची किल्ली हरवलेली. शेवटी नर्स, म्हणजे पाणबुडीची कप्तान, ओलीचिंब माझ्या दुकानात आली आणि न बोलता हात पुढे केला. खोली टाळ्यांनी दणाणली. तिनं वीस मिनिटं ते मनात धरून ठेवलं होतं.

याच काळात एका प्रशिक्षकानं मला सांगितलं होतं, तुझा उच्चार म्हणजे सोनं आहे, दर प्रयोगात वापर. मी नाही म्हटलं तर संचात बसत नाहीस, असं ऐकवलं. त्याला उत्तर माझ्या संचानं दिलं, मला तसली भूमिका पुन्हा कोणी दिली नाही. हा राग माझ्या एकटीचा नव्हता, हे २०२० च्या जूनमध्ये दिसलं. आयओच्या कलाकारांनी वर्णभेदाविरुद्ध जाहीर मागण्या केल्या. सेकंड सिटीत तशाच आरोपांनंतर सहमालक अँड्र्यू अलेक्झांडर पायउतार झाले. झालं ते योग्यच झालं. त्या मागण्या करणाऱ्यांना थिएटर बुडवणारे म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालते. आयओच्या मालकीणबाई हाल्पर्न यांनी तर थिएटर बंद करण्याचं कारण मालमत्ता कर दिलं होतं.

२०१४ नंतरची वर्षं भरभर सांगते. आयओ किंग्सबरी स्ट्रीटवरच्या मोठ्या जागेत गेलं. क्लार्क स्ट्रीटवरची जुनी इमारत पाडली, तिथे आता फ्लॅट आणि दुकानं आहेत. आमच्यातले काही लॉस एंजेलिसला गेले, काहींना मुलं झाली, मंगळवार सुटला. २०२१ मध्ये सेकंड सिटी एका खासगी गुंतवणूक कंपनीनं विकत घेतलं. आता कंपन्यांच्या प्रशिक्षणात इम्प्रॉव्ह शिकवतात, दुपारभरात.

गेल्या महिन्यात तरुण मुलांचा एक प्रयोग पाहिला. हुशार मुलं, माझ्यापेक्षा चपळ. समोर तिवईवर फोन लावलेला. प्रत्येक प्रवेश मिनिटभरात हशा मिळवून संपत होता, कारण तेवढाच तुकडा कापून इंटरनेटवर टाकता येतो. वीस मिनिटांपूर्वीच्या किल्लीवरचा हशा कापता येत नाही; आधीची वीस मिनिटं सोबत नसतील तर त्यात हसण्यासारखं काहीच उरत नाही. मग ती मुलं मागचं धरून ठेवणारच नाहीत. धरून ठेवायचं नसेल तर ऐकायचं कशाला? आणि तोच संच टिकवायचा तरी कशाला? प्रयोगानंतर एक मुलगा मला अभिमानानं म्हणाला, आम्ही दर वेळी नव्या लोकांबरोबर खेळतो. मला वाईट वाटलं ते त्याच्यासाठी. आपल्या हातून काय निसटतंय हे त्याला कोणी दाखवलेलंच नाही.

इथल्या मराठी मंडळातल्या काही तरुणांनी मला गणेशोत्सवासाठी झटपट खेळ बसवून मागितले होते. मी ते नाकारलं आणि माझ्या अटी सांगितल्या. मराठीतून खेळायचं, वर्षभर प्रयोग नाही, तीच माणसं, दर मंगळवारी, फोन दाराबाहेर. पाच जण तयार झालेत. मला आठ हवेत. ऑक्टोबरात तालीम सुरू होईल, नाटकाचा अनुभव असलाच पाहिजे असं नाही, पण मंगळवार चुकवता येणार नाही.