स्वतःचें नांव व पतीचें पद

वरच्या वर्गांतील मुली आम्हांस पुष्कळदां एक प्रश्न विचारतात. स्त्री शिकून वकील झाली आणि पुढें तिचा पति मोठ्या अधिकारावर चढला, तर तिच्या विद्येचें काय? प्रश्न पोरकट नाहीं. अशा वेळीं पत्नीनें आपलें काम आवरतें घ्यावें व समारंभांत हंसतमुखानें पतीच्या शेजारीं उभें राहावें, अशी जगाची अपेक्षा असते. या अपेक्षेस इंग्लंडांतील शेरी बूथ बाईंनीं कसें तोंड दिलें, तें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या धंद्याचा पूर्वेतिहास पाहूं. नाशिक येथें जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं १८९२ मध्यें ऑक्सफर्ड येथें कायद्याची परीक्षा दिली. परंतु भारतांत स्त्रियांस वकिलीचा मार्ग कायद्यानें खुला होण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. इंग्लंडांत तो १९१९ च्या कायद्यानें खुला झाला. तेथें १९२२ मध्यें बॅरिस्टर झालेल्या हेलेना नॉर्मंटन बाईंनीं विवाहानंतरहि माहेरचेंच नांव चालविलें आणि १९२४ मध्यें त्याच नांवानें पासपोर्ट मिळविला. नांवाचा आग्रह हा पोकळ अभिमान नव्हे; ज्या नांवानें अशील येतो, तेंच वकिलाचें भांडवल होय.

शेरीबाईंचा जन्म १९५४ चा. लिव्हरपूलजवळ, आजीच्या घरांत त्या वाढल्या. १९७६ च्या बॅरिस्टरीच्या परीक्षेंत त्या पहिल्या आल्या. टोनी ब्लेअर हेहि तेव्हां त्याच ज्येष्ठ वकिलाच्या हाताखालीं उमेदवारी करीत होते. १९८० मध्यें उभयतांचा विवाह झाला. १९८३ च्या निवडणुकीस दोघेंहि उभीं राहिलीं. पति निवडून आले, पत्नी पडल्या. पुढें पतीनें राजकारण धरिलें व पत्नीनें न्यायालय. १९९५ मध्यें त्यांस राणीच्या वकिलाचा मान मिळाला. दोनच वर्षांनीं, १९९७ मध्यें, ब्लेअर पंतप्रधान झाले.

पंतप्रधानाच्या पत्नीस इंग्लंडांत पद नाहीं व वेतनहि नाहीं. कर्तव्यें मात्र पुष्कळ! शेरीबाईंनीं वकिली सोडली नाहीं. न्यायालयांत त्या बूथ, पतीच्या घरीं मिसेस ब्लेअर, अशीं दोन नांवें त्यांनीं चालविलीं.

खरी कसोटी मे २००० मध्यें लागली. मुलांच्या संगोपनासाठीं आईबापांस तेरा आठवड्यांची बिनपगारी रजा देणारा नियम सरकारनें केला होता. परंतु १५ डिसेंबर १९९९ पूर्वीं जन्मलेल्या मुलांच्या आईबापांस तींतून वगळलें होतें. कामगारसंघांच्या महासभेनें याविरुद्ध दावा केला व तिच्या बाजूनें शेरीबाई उभ्या राहिल्या. प्रतिपक्ष कोण? पतीचेंच सरकार! त्याच महिन्यांत त्यांस चौथें अपत्य झालें. न्यायालयानें प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठविला. पुढें सरकारनेंच ती अट सैल केली.

हा पतिद्रोह झाला काय? मुळींच नाहीं. नाक्यावरच्या टांगेवाल्यानें पुढें येईल तें भाडें घ्यावें, तसें आपल्या विषयांतील रीतसर आलेलें काम इंग्लिश बॅरिस्टरानें नाकारूं नये, असा त्या धंद्याचा दंडक आहे. अशील पतीस आवडेल कीं नाहीं, हें वकिलानें पाहावयाचें नसतें. पत्नीस हा दंडक लागू नाहीं असें म्हणणें म्हणजे ती अर्धीच वकील आहे असें म्हणणें होय.

सर्व सुरळीत झालें असेंहि नाहीं. २००२ मध्यें ब्रिस्टल येथील दोन घरांच्या खरेदीवरून वर्तमानपत्रांनीं त्यांच्यावर झोड उठविली व त्यांस जाहीर खुलासा करावा लागला. पतीच्या पदामुळें पत्नीची चूक शतपट मोठी दिसते, तशी तिची जबाबदारीहि वाढते, हें विसरतां येत नाहीं. शिवाय मुलांस सांभाळण्यास त्यांच्या घरीं आया असे. तें भाग्य सर्वांचें नसतें.

म्हणूनच आमच्या मुलींस आमचें सांगणें अर्धेंच आहे. विद्या व नांव जपा, एवढें त्यांस सांगतों. उरलेलें अर्धें मुलांसाठीं आहे. बहिणीचा अभ्यास चालला असतां घरांतील पाणी कोण भरतें व धाकट्या भावंडास कोण खेळवितें, याचा विचार त्यांनीं आजच करावा. उद्यांचीं घरें त्यांसच चालवावयाचीं आहेत.