मोटारीचा हीटर थंड का राहतो? : दुरुस्तीनंतरच्या एका दोषाचा वऱ्हाडच्या संदर्भात विचार

वऱ्हाडातील मोटारीला हीटर हवाच कशाला, असा प्रश्न अकोल्याचा उन्हाळा अनुभवलेल्या कोणालाही पडणे स्वाभाविक आहे. मे महिन्यात जेथे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेथे ऊब देणारे साधन हा निरुपयोगी अलंकारच ठरावयाचा. परंतु शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात परतवाड्याहून वर चढणारा घाट धुक्यात बुडतो व मोटारीची समोरची काच आतून धूसर होते. डिसेंबर-जानेवारीतील पहाटे तर तेथे बोटे आखडतात. अशा वेळी हीटरची कळ फिरवावी आणि आतून गार झोत यावा, हा अनुभव काही विरळा नाही. चौकशी केल्यास बहुधा असे आढळते, की मागील उन्हाळ्यात त्या मोटारीचे इंजिन तापत होते आणि त्यावर काही इलाज केलेला होता. या दोन घटनांचा परस्परसंबंध उलगडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तो संबंध सहसा ध्यानात येत नाही, यास भाषाही थोडीशी कारण आहे. 'हीटर थंडी हवा फेकून राह्यला' अशी तक्रार वाहनधारक करतो. (क्रियेचे सातत्य दाखविणारी वऱ्हाडीतील ही 'राहणे'युक्त रचना अभ्यासकांना परिचित आहे, हिंदीशी तिचे साम्य उघड आहे.) या वाक्यात हीटर हा कर्ता आहे, आणि जो कर्ता तोच अपराधी अशी ऐकणाऱ्याची समजूत होते. मग डॅशबोर्ड उकलला जातो, किंवा कळा एकाच ठिकाणी असल्यामुळे मोटार वातानुकूलनाची कामे करणाऱ्याकडे पाठविली जाते. वस्तुतः पेट्रोल वा डिझेलच्या मोटारीतील हीटर स्वतः उष्णता निर्माणच करीत नाही.

इंधनातून मुक्त होणाऱ्या उष्णतेचा सुमारे एकतृतीयांश भाग इंजिनाभोवती खेळणारे पाणी, म्हणजे हल्ली पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण, वाहून नेते. त्यातील बहुतेक उष्णता पुढच्या रेडिएटरमधून बाहेर टाकली जाते. याच प्रवाहाची एक लहान शाखा दोन रबरी नळ्यांवाटे डॅशबोर्डमागील छोट्या रेडिएटरकडे जाते. त्यावरून पंख्याने हवा सोडली की ती तापून आत येते. शीतन आणि तापन हे शब्द कोशात परस्परविरोधी असले, तरी येथे त्यांचे पाणी एकच आहे. म्हणून दुरुस्तीनंतर हीटर थंड पडला, तर तो शीतनयंत्रणेविषयी काही सांगत आहे असे समजावे.

सर्वांत सामान्य कारण म्हणजे पाण्यात अडकलेली हवा. रेडिएटर, नळी किंवा पंप बदलताना यंत्रणा रिकामी होते. पुन्हा घाईने पाणी ओतले, की हवेचा बुडबुडा उंच जागी जाऊन बसतो, आणि पुष्कळ मोटारींत हीटर हीच ती उंच जागा असते. 'हवा धरली आहे' असे कारागीर म्हणतो, तेव्हा त्यास ही हवा अभिप्रेत असते. वाहनधारकाच्या तक्रारीतील हवा वेगळी. एकाच शब्दाने दोघे दोन गोष्टी बोलत राहतात. या दोषाची खूण अशी, की इंजिनाची गती वाढविली असता झोत थोडा ऊबदार होतो व गती उतरताच पुन्हा गार पडतो. पाणी कमी असल्यासही हेच घडते.

दुसरे कारण मात्र उष्ण प्रदेशाचे खास अपत्य आहे, आणि त्याचा विचार काहीसा विस्ताराने करणे इष्ट होईल. इंजिन व रेडिएटर यांच्यामध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. तिच्यातील मेण साधारणतः 82 ते 90 अंशांच्या दरम्यान वितळून फुगते व वाट मोकळी होते. तोवर पाणी इंजिनातच फिरून लवकर तापते. ही झडप मिटलेल्या स्थितीत अडकली, तर इंजिन उकळू लागते. ऐन मे महिन्यात असे झाले, की 'वॉल काढून टाका' हा सल्ला तत्काळ मिळतो. (इंजिनातील झडपा, थर्मोस्टॅट आणि हीटरचा पाणी अडविणारा तोटीवजा भाग या सर्वांना 'वॉल' हा एकच शब्द चालतो, कोणता वॉल काढला, हे विचारून घेणे वाहनधारकाच्या हिताचे असते.) झडप काढल्याने त्या दिवसापुरता प्रश्न मिटतो, म्हणून या सल्ल्यामागील व्यवहारबुद्धी समजण्यासारखी आहे; पण तो सल्ला चुकीचाच होय. झडपेवाचून इंजिन योग्य तापमानास उशिरा पोचते, इंधन अधिक जळते आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत हीच झडप उघडताना रेडिएटरला वगळून जाणारी आडवाट बंद करते. तेथे ती काढल्यास ती वाट उघडीच राहते आणि इंजिन थंड होण्याऐवजी अधिकच तापते.

याची परीक्षा अकोला-अमरावती रस्त्यावर हिवाळ्यातील सकाळी सहज होते. मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना तापमानाचा काटा खालीच रेंगाळतो व हीटर गार राहतो. मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याच्या गर्दीत गती मंदावली, की काटा चढतो आणि झोतही ऊबदार होतो. हवा अडकल्याच्या खुणेहून ही खूण नेमकी उलट आहे. येथे उपाय एकच : योग्य अंशांची नवी झडप बसविणे.

तिसरे कारण पाण्याच्या गुणाशी निगडित आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या भागांस खारपाणपट्टा म्हणतात, कारण तेथील भूजल खारे आहे. गळती लागलेल्या रेडिएटरमध्ये वाटेतील बोअरचे पाणी वारंवार ओतले, की क्षार साचतात, धातू गंजतो आणि हीटरच्या अरुंद नलिका प्रथम बुजतात. हीटर स्वतःच गळू लागला, तर त्याच्या दोन्ही नळ्या एकमेकींस जोडून तो प्रवाहातून वगळण्याचीही रीत आहे. इंजिनास त्याने सहसा अपाय होत नाही. परंतु ही गोष्ट मालकास सांगितली जातेच असे नाही, आणि सहा महिन्यांनी चिखलदऱ्याच्या घाटात ती त्यास कळते.

निदानासाठी इंजिन पुरेसे तापल्यावर, पंखा व पट्टे यांपासून हात दूर ठेवून, हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या जपून चाचपाव्यात. दोन्ही गरम असतील तर पाणी पोचत आहे. दोष आतील हवा वळविणाऱ्या झडपेत किंवा तिच्या तारेत आहे, आणि डॅशबोर्ड उकलण्यास आता कारण मिळाले. एक गरम व दुसरी थंड असेल, तर मार्ग बुजलेला आहे किंवा हीटरचा वॉल मिटलेला आहे. दोन्ही थंड असतील, तर पाण्याची पातळी, अडकलेली हवा, थर्मोस्टॅट आणि पंप यांचा या क्रमाने विचार करावा.

हवा काढण्याचे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच आरंभावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील पाणी उसळून चेहरा व हात भाजतात. मोटारीचे तोंड चढावर येईल अशी ती उभी करावी, हीटरची कळ पूर्ण उष्णतेवर ठेवावी, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा, आणि निर्मात्याने सांगितलेले मिश्रण संथपणे ओतावे. स्क्रूतून अखंड धार येऊ लागताच तो आवळावा. मग इंजिन मंद गतीने चालू ठेवून वरची नळी अधूनमधून दाबावी; बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरीत राहावे. झाकण लावून रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबावे. इंजिन निवल्यावर पातळी पुन्हा पाहणे आवश्यक आहे. पुष्कळदा ती खाली गेलेली आढळते. इतके करूनही बुडबुडे येतच राहिले, तर हेड गॅस्केट फुटून ज्वलनाचे वायू पाण्यात शिरत असण्याचा संभव असतो, आणि मग ते काम कार्यशाळेचेच.

उन्हाळ्यातही याचा एक उपयोग आहे. काटा लाल रेषेकडे सरकू लागला असता वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण सोडावा, असे जाणते चालक सांगतात. प्रवाशांस क्लेश होतात, पण इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. मात्र त्या वेळी हीटरमधून गार झोत आला, तर इंजिनात पाणी उरलेले नाही किंवा ते फिरत नाही असे समजावे. पाणी उतरल्यावर काट्याचा संवेदक वाफेत उघडा पडतो आणि काट्यावर विसंबता येत नाही. म्हणून त्यानंतर काटा जरी खाली आला, तरी मोटार रस्त्याच्या कडेस घेऊन इंजिन लगेच बंद करावे.